बेसिल लावताना: कात्री कुठे चालवायची आणि पान कधी घालायचं

बेसिल हे हंगामी रोप आहे. बी रुजल्यापासून त्याची सगळी धाव एकाच दिशेने असते. उंच व्हायचं, शेंड्याला मंजिरी आणायची, बी धरायचं आणि वाळून जायचं. आपल्याला मात्र हवी असतात पानं, तीही कोवळी आणि महिनोन्‌महिने. हा तिढा फक्त कात्रीने सुटतो. नव्याने लावणारी मंडळी ऊन, पाणी, खत यांची मनापासून काळजी घेतात आणि रोप छान वाढतंय म्हणून त्याला हातच लावत नाहीत. मग एक दिवस समोर उरते ती उंच किडकिडीत काडी, वर पांढरी फुलं आणि खाली चार रखरखीत पानं. म्हणून या लेखात पेरणीपेक्षा खुडणीला जास्त जागा दिली आहे. बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, त्या भराभर सांगतो.

कोणतं बेसिल लावायचं

बेसिलचं शास्त्रीय नाव ओसिमम बॅसिलिकम. ते पुदिन्याच्या कुळातलं आहे, म्हणून देठ चौकोनी आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. ही जोडी लक्षात ठेवा, खुडणीचं सगळं गणित तिच्यावरच आहे. तुळस ही याच वंशातली, पण प्रजाती वेगळी. तुळशीत युजेनॉल हा सुगंधी घटक भरपूर असल्यामुळे तिचा वास लवंगेकडे झुकतो, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी वापरली तर पदार्थाची चव पार बदलते.

पहिल्यांदाच लावत असाल तर जेनोवीज प्रकारचं गोड बेसिल घ्या. मोठी, किंचित फुगीर, मऊ पानं. वास लिनालूल या घटकामुळे गोडसर. थाय बेसिलचे देठ जांभळट, पानं अरुंद आणि कडक, वास बडीशेपेच्या अंगाने जाणारा. तो मिथाइल चॅव्हिकॉल या घटकामुळे येतो. लिंबू बेसिलमध्ये लिंबासारखा वास देणारं सिट्रल असतं. जांभळ्या पानांचं ‘डार्क ओपल’ हे वाण 1950च्या दशकात अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात तयार झालं. दिसायला ते फार देखणं आहे, पण पेस्टोसाठी, म्हणजे बेसिल, चीज आणि तेलाच्या इटालियन चटणीसाठी, घेऊ नका, रंग मळकट येतो. जागा अगदीच कमी असेल तर बारीक पानांचं ग्रीक बेसिल लहान कुंडीतही गोल, दाट राहतं.

सब्जा म्हणून जे काळं बी मिळतं ते याच प्रजातीचं. ते पेरलं तर उगवतंही. पण ते पानांच्या चवीसाठी निवडलेलं वाण नसतं, त्यामुळे स्वयंपाकासाठी बेसिल हवं असेल तर वाणाचं नाव लिहिलेलं पाकीटच घ्या.

पेरणी

बेसिलच्या बियांवर पाण्याचा थेंब पडू द्या आणि थोडा वेळ बघत राहा. काही मिनिटांतच प्रत्येक काळ्या दाण्याभोवती पारदर्शक, किंचित निळसर झाक असलेलं बुळबुळीत आवरण फुगतं. हे आवरण बीला चिकटून राहतं आणि ओल धरून ठेवतं. म्हणूनच बेसिलचं बी आधी भिजवून ठेवायची गरज नसते. उलट भिजवलं की दाणे एकमेकांना चिकटतात आणि हाताने सुटे करता येत नाहीत. कोरडंच पेरा.

पेरणीचा क्रम असा:

1. ट्रेमध्ये किंवा छोट्या कुंडीत बारीक चाळलेलं कोकोपीट आणि थोडं गांडूळखत भरा. आधीच ओलं करून जादा पाणी निथळू द्या.
2. दोन-दोन सेंटिमीटरवर एकेक दाणा टाका आणि वर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी थर भुरभुरा. खोल गेलेलं बी वर येत नाही.
3. झारीने धार सोडू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. फवारा मारा.
4. ट्रे उबदार जागी ठेवा. 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान असेल तर 5 ते 10 दिवसांत अंकुर दिसतात. त्याहून गार असेल तर उशीर लागतो, कधी बी कुजूनही जातं.
5. ट्रेवर झाकण ठेवलं असेल तर पहिले अंकुर दिसताच ते काढा आणि ट्रे उजेडात आणा. इथे दोन दिवसांची दिरंगाई झाली तरी रोपं उजेडाच्या शोधात लांब आणि लुळी होतात.

पहिली जी दोन गुळगुळीत, अर्धगोल पानं येतात ती बीजपत्रं. खरी पानं त्यानंतर, त्यांच्या मधून येतात. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या की रोप कायमच्या जागी हलवा. या वयात एक धोका असतो. रोप जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन एका रात्रीत आडवं पडतं. ही बुरशी आहे, आणि ती सतत ओल्या मातीत व कोंदट हवेत फोफावते. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. ते काढून टाका, पाणी कमी करा, हवा खेळू द्या.

तयार रोप आणलंत तर

दुकानात मिळणारी हिरवीगार, गच्च भरलेली बेसिलची कुंडी म्हणजे एक रोप नव्हे. नीट वाकून मातीपाशी बघा. दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त काड्या एकत्र उगवलेल्या दिसतील. कुंडी भरलेली दिसावी म्हणून बी तसंच दाट पेरलेलं असतं. एवढ्याशा मातीत इतकी मुळं फार दिवस तग धरू शकत नाहीत, आणि घरी आणल्यावर पंधरवड्यात कुंडी बसते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आपला हात वाईट आहे असं कोणी मनाला लावून घेऊ नये.

उपाय सोपा आहे. कुंडीला भरपूर पाणी द्या, तासाभराने मातीचा गड्डा बाहेर काढा आणि हलक्या हाताने चार भाग करा. थोडी मुळं तुटतील, तुटू द्या. प्रत्येक भागात तीन-चार रोपं राहतील अशा बेताने वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, शेंड्याचा साधारण एक तृतीयांश भाग छाटा आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवून मग उन्हात न्या. एका खरेदीत चार कुंड्या होतात आणि छाटलेले शेंडे त्याच दिवशी जेवणात जातात.

ऊन, माती, पाणी

रोज किमान सहा तास थेट ऊन मिळालं तर पानांत तेल भरतं आणि वास येतो. कमी उन्हात रोप जगतं, पण दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढत जातं आणि चव फिकी राहते. दुपारचं ऊन फारच कडक असेल तर तेवढ्या वेळेपुरती सावली चालते. घरात खिडकीशी उजेड कमी पडत असेल तर रोपवाढीचा दिवा 12 ते 14 तास लावावा.

थंडी मात्र बेसिलला मुळीच सोसत नाही. तापमान 10 अंशांच्या खाली गेलं की पानांवर काळे डाग पडू लागतात, आणि हिमकण पडले तर रोप एका रात्रीत संपतं. रात्रीचं तापमान स्थिरपणे 10 अंशांच्या वर राहू लागेपर्यंत रोप बाहेर लावायची घाई करू नका.

एका रोपाला 20 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल कुंडी पुरते. जमिनीत लावाल तर दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. माती भुसभुशीत, निचऱ्याची, सामू (pH) 6 ते 7. कुंडीला भोक हवंच.

पाणी ठरावीक वाराला नाही, मातीकडे बघून द्या. बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसा. आत कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, ओलं लागलं तर थांबा. मातीत कायम वाफसा हवा, चिखल नको. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या, पानांवर नाही. एक फरक ओळखायला शिका. दुपारी माना टाकलेलं रोप संध्याकाळी आपोआप ताठ झालं तर काळजी नाही, ते उन्हामुळे होतं. माती ओली असूनही रोप मलूल असेल तर मुळं कुजत आहेत. अशा वेळी कीव येऊन आणखी पाणी घातलं की रोप गेलंच.

खत बेताने. तीन-चार आठवड्यांनी मूठभर कंपोस्ट किंवा गांडूळखत पुरतं. नत्र जास्त झालं की पानं मोठी होतात, पण चुरगळली तरी वास जेमतेम येतो.

खुडणी

आता मुख्य गोष्ट. रोप 15 ते 20 सेंटिमीटर उंच झालं आणि त्यावर खऱ्या पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की पहिली खुडणी करायची. रोप डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि देठाला जिथे पानांची जोडी फुटते ते पेर निरखून पाहा. प्रत्येक पानाच्या बगलेत, पान आणि देठाच्या कोपऱ्यात, अगदी इवलीशी पानांची दुसरी जोडी दडलेली दिसेल. ती झोपलेली फांदी आहे. रोपाचा शेंडा जोवर शाबूत आहे तोवर तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत राहतो आणि या बगलेतल्या डोळ्यांना वाढू देत नाही. शेंडा गेला की हा धाक संपतो आणि दोन्ही बगलांतले डोळे एकदम जोर धरतात.

म्हणून कात्री चालवायची ती खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडीच्या वर, साधारण अर्धा सेंटिमीटर जागा सोडून. खाली निदान दोन जोड्या राहिल्याच पाहिजेत. आठ-दहा दिवसांत कापल्या जागी एकाऐवजी दोन फांद्या दिसू लागतात. त्या दोन्हींवर दोन-तीन जोड्या आल्या की त्याही तशाच कापा, म्हणजे चार होतात. मग आठ. एक काडी असलेलं रोप असं दाट झुडूप होतं, आणि प्रत्येक कापणीत हातात येणारा शेंडा सगळ्यात कोवळा, सगळ्यात सुगंधी असतो.

नवीन माणूस नेमकं उलट करतो. शेंडा नाजूक आहे, तो राहू दे म्हणतो आणि खालची मोठी पानं एकेक तोडतो. खालची पानंच तर रोपाचा संसार चालवत असतात. ऊन घेऊन अन्न करण्याचं बहुतेक काम त्यांचं. ती गेली की उघडी काडी उरते आणि शेंडा मोकळेपणाने फुलाकडे धावतो. पदार्थात घालायला दोनच पानं हवी असली तरी सुटी पानं न तोडता एक छोटा शेंडा पेरावर खुडायची सवय लावा. कोवळा देठ नखानेही तुटतो, जाड असेल तर स्वच्छ कात्री घ्या.

दर दहा-पंधरा दिवसांनी खुडणी झाली पाहिजे, स्वयंपाकात गरज असो वा नसो. जास्तीचं वाटून टाका किंवा साठवा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवा भाग घेऊ नका. वेळ सकाळची, पानांवरची ओल सुकल्यानंतरची.

रोप आधीच काडीसारखं उंच झालं असेल तर घाबरू नका. वरचा अर्धा भाग कापा, पण कापल्याच्या खाली हिरवी पानं किंवा जिवंत डोळे असलेली पेरं आहेत ना, हे बघूनच. पूर्ण लाकूड झालेल्या उघड्या देठावर कापलं तर त्यातून सहसा काही फुटत नाही.

मंजिरी येण्याची चाहूल आधी लागते. शेंड्याची पानं अचानक बारीक होतात आणि एकमेकांवर चौकोनी मनोऱ्यासारखी रचली जातात. हे दिसलं की खालच्या एका जोडीसकट तो शेंडा काढून टाका. फुलं एकदा उमलली की नवी पानं लहान आणि कडवट येऊ लागतात. फुलं खाता येतात, त्यांना पानांसारखाच पण सौम्य स्वाद असतो. हंगामाच्या शेवटी एखादं रोप फुलू द्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण मधमाश्या त्यावर तुटून पडतात. मंजिरी तपकिरी वाळली की चुरा. प्रत्येक पुष्पकोशात चारपर्यंत बिया सापडतील. शेजारी दुसऱ्या वाणाचं बेसिल फुललं असेल तर मात्र परपरागीकरण होतं आणि त्या बियांतून आईसारखं रोप येईलच असं नाही.

फांदीपासून नवं रोप

खुडणीत आलेला दहा सेंटिमीटरचा, कळी नसलेला शेंडा घ्या. खालची पानं काढा आणि पेर पाण्याखाली राहील असा तो पेल्यात ठेवा. पाणी एक-दोन दिवसांआड बदला, थेट ऊन नको. आठवडा ते दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. ती तीन-चार सेंटिमीटर झाली की कुंडीत लावा. मुळं फार लांब होईपर्यंत थांबलात तर मातीत रुळायला त्रास होतो.

कीड आणि रोग

मावा कोवळ्या शेंड्याच्या खालच्या बाजूला जमतो. पाण्याची जोरदार धार बहुतेक वेळा पुरते. नाही गेला तर सौम्य साबणाचं पाणी फवारा आणि पानं वापरण्याआधी स्वच्छ धुवा. पानांवर मोठी भोकं आणि चकाकणारी रेघ दिसली तर ती गोगलगाय, रात्री बॅटरी घेऊन वेचा. खायच्या पानांवर कडक कीटकनाशक मारण्याची वेळ येऊ देऊ नका.

खरा शत्रू म्हणजे केवडा हा पानांवरचा रोग. पानाचा वरचा भाग शिरांच्या मध्ये पट्ट्यापट्ट्यांनी पिवळा पडतो आणि आपण समजतो खत कमी पडलं. पान उलटून पाहा. खाली राखाडी-जांभळट, धुळीसारखी लव असेल तर तो पेरोनोस्पोरा बेलबाहरी नावाचा रोगकारक आहे. 2001 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये आढळला आणि 2007 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात. त्यानंतर तो जगभर बेसिलच्या मागे लागला. त्याचे बीजाणू वाऱ्यावर दूर जातात, बियांतूनही येतात, आणि रात्रभर ओली राहिलेली पानं हे त्यांचं आवडतं घर. लागण झालेलं रोप बरं होत नाही. चांगली पानं लगेच खुडून वापरा, बाकी रोप पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. तुमच्याकडची हवा दमट असेल तर आधीपासूनच केवड्याला दाद न देणारी वाणं लावणं शहाणपणाचं: ‘प्रॉस्पेरा’, ‘अमेझेल’, ‘रटगर्स डिव्होशन’.

दुसरा म्हणजे मर रोग. फ्युझेरियम बुरशीमुळे रोपाची एक बाजू सुकते, देठावर तपकिरी रेघा दिसतात. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून रोपाबरोबर कुंडीतली मातीही बदला आणि पुढे काही वर्षं त्या जागी बेसिल लावू नका.

स्वयंपाकघरात

बेसिलचं पान भिंगाखाली धरलंत तर खालच्या बाजूला चमकणारे बारीक ठिपके दिसतील. या तेलाच्या ग्रंथी, सगळा सुवास त्यांत. त्या फुटल्या की तेल मोकळं होतं आणि चटकन उडूनही जातं. बेसिल वापरण्याचे सगळे नियम इथूनच निघतात. उकळत्या सॉसमध्ये सुरुवातीलाच पानं घातली तर वास हवेत जातो आणि पदार्थात काळपट पानं उरतात. गॅस बंद केल्यावर घाला, वर झाकण ठेवा, मिनिटभर थांबा. थाय बेसिलचं पान जरा दमदार असतं. ते मोठ्या आचेवर शेवटचं अर्धं मिनिट परतलेलं चालतं.

पानं हाताने तोडा किंवा धारदार सुरीने एकदाच कापा. बोथट सुरीने पान चिरत नाही, चेंगरतं, आणि चेंगरलेल्या पेशींत विकरं (एन्झाइम) हवेशी मिळून कडा काळ्या करतात. बारीक पट्ट्या हव्या असतील तर पाच-सहा पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि आडवी कापा, तीही वाढायच्या अगदी आधी.

पेस्टोसाठी घरगुती प्रमाण सांगतो: 50 ग्रॅम पानं, लसणाची एक पाकळी, मोठी चिमूट खडेमीठ, 15 ग्रॅम पाइन नट्स, 40 ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज, 60 मिलिलिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल. खलबत्त्यात आधी लसूण-मीठ, मग नट्स, मग थोडी थोडी पानं कडेला घासत, शेवटी चीज आणि तेल. पानं पूर्ण कोरडी हवीत. मिक्सर वापरणार असाल तर भांडं आधी फ्रीझरमध्ये गार करा आणि थांबत थांबत फिरवा, सलग फिरवल्याने तापून रंग आणि वास दोन्ही उतरतात. हिरवा रंग टिकवायचाच असेल तर पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. सुवास थोडा कमी होतो हे मात्र मान्य करावं लागतं. तयार पेस्टो कढईत शिजवू नका. पास्त्याच्या गरम पाण्याचे दोन चमचे घालून सैल करा, तेवढी ऊब पुरते.

खुडलेली जुडी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने रोपाला होतं तेच सुट्या पानांनाही होतं, एक-दोन दिवसांत काळी पडतात. देठ थोडे कापून पेलाभर पाण्यात ओट्यावर ठेवा, वर पिशवी सैलसर पालथी घाला, पाणी बदलत राहा. आठवडाभर जुडी चांगली राहते, आणि कधी कधी तिथेच मुळं फुटतात.

वाळवलेल्या बेसिलमध्ये ताज्याचा गोडवा राहत नाही. साठवायचं असेल तर गोठवणं कितीतरी बरं. पानं थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठली की वड्या पिशवीत काढा. काही महिने छान टिकतात. पेस्टो गोठवायचा असेल तर चीज नंतर घाला.

ताजी पानं किंवा लसूण तेलात बुडवून बाटली बाहेर ठेवण्याची पद्धत मात्र टाळा. तेलाखाली हवा पोचत नाही आणि अशा जागी बोट्युलिझमचे जिवाणू वाढून जीवघेणं विष तयार करू शकतात. तेलाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाही. असं तेल लागेल तेवढंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. त्यापुढे ठेवायचं असेल तर थेट फ्रीझरमध्ये.